तापलेलं इंजिन आणि प्रश्नांचा क्रम



मूल तापाने फणफणलं की आपण त्याला डॉक्टरांकडे नेतो. चांगला डॉक्टर लगेच औषध लिहायला घेत नाही. ताप कधीपासून आहे, सकाळी असतो की संध्याकाळी चढतो, थंडी वाजते का, हे तो आधी विचारतो. कारण ताप हा आजार नाही, आजाराची खूण आहे. गाडीचं इंजिन तापणं हीसुद्धा फक्त खूण आहे. तिच्यामागे सात-आठ वेगवेगळी कारणं असू शकतात. त्यातलं एखादं कारण शे-दोनशे रुपयांत मिटतं, तर एखादं पंचवीस-तीस हजारांत.

डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी ‘नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन’ हा भाग वाचला आहे. मुलाला भागाकार येत नाही म्हणून भागाकाराचीच पन्नास उदाहरणं द्यायची नसतात. त्याचे पाढे कच्चे आहेत, वजाबाकीत हातचा चुकतो आहे, की उदाहरणच वाचता येत नाही, हे आधी बघायचं. या लेखात मी तीच गोष्ट बोनेट उघडून सांगणार आहे. गाडी दुरुस्त करताना हातापेक्षा प्रश्नांचा क्रम जास्त कामाला येतो, हे मला या निमित्ताने नीट कळलं.

गाडी बंद म्हणजे शाळा बंद

आमची शाळा जावळी तालुक्यातली, डोंगरातली. पहिली ते पाचवी आणि शिक्षक दोन. सर आणि मी साताऱ्याहून माझ्याच गाडीने जातो. गाडी छोटी, पेट्रोलची, दुसऱ्या हाताने घेतलेली आणि तेरा वर्षांची आहे. एस.टी. आहे, पण ती फाट्यावर सव्वा अकराला सोडते आणि पुढे अर्धा तास चाल. म्हणजे गाडी बंद पडली की दोन्ही शिक्षक एकदमच उशिरा पोहोचतात. मुलं दप्तरं घेऊन व्हरांड्यात बसलेली असतात.

जानेवारीत पंधरा दिवसांत तीन वेळा गाडी तापली. काटा लाल रेषेकडे जायला लागला की आम्ही बाजूला थांबून इंजिन बंद करायचो. तिसऱ्या वेळी बोनेटखालून वाफ आली. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या दादांनी पाच मिनिटं बघून सांगितलं, “मॅडम, पाणी कमी होतंय, उकळतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. हेड खोलावं लागेल, फेसिंग करावं लागेल. सव्वीस हजार धरा आणि पाच-सहा दिवस लागतील.”

आमच्या घरकर्जाच्या हप्त्याला सव्वीस हजार म्हणजे दोन महिन्यांचं गणित कोसळणार. त्यात पाचवीच्या दोन मुली शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या, आणि त्यांचा जादा तास सकाळी साडेनऊचा. ते चार दिवस आम्ही एस.टी.ने गेलो. अंगणवाडीच्या ताईंनी आमच्या मुलांनाही आपल्या खोलीत बसवून घेतलं. पण जादा तास चारही दिवस बुडाला.

माझे सासरे, अण्णा, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आता गुडघे साथ देत नाहीत आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे ते स्वतः गाडीला हात लावत नाहीत. मी गॅरेजचा आकडा सांगितला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “हेड गेलं असेल तर खर्च करू. पण गेलंय हे कशावरून? रविवारी खुर्ची अंगणात टाक. मी विचारतो, तू बघ.”

आधी समजून घेऊ : इंजिन थंड कसं राहतं?

पेट्रोलमधली सगळी ऊर्जा चाकांना मिळत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत उष्णता म्हणून शिरते. सिलिंडरमध्ये इंधन पेटतं त्या क्षणी वायूंचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. आणि इंजिनाचं हेड ज्या ॲल्युमिनियमचं असतं, ते शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी हेड वितळत नाही, कारण त्याच्या आतल्या पोकळ्यांतून कुलंट सतत फिरत असतो आणि उष्णता उचलून बाहेर नेत असतो.

ही फेरी अशी असते. वॉटर पंप कुलंट ढकलतो. तो इंजिनातून फिरून गरम होतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. तिच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना झडप बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. मग कुलंट वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये जातो. तिथल्या बारीक नळ्या आणि पातळ पत्र्यांमधून वारा जातो, कुलंट निवतो आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात येतो. गाडी पळत असताना वारा आपोआप मिळतो. गाडी उभी असताना तो पंख्याने द्यावा लागतो.

रेडिएटरचं झाकणही साधं नसतं. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आत सुमारे एक बार जास्तीचा दाब राहतो. त्या दाबाला पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडणं धोक्याचं आहे. झाकण उघडताक्षणी दाब उतरतो, न उकळलेलं पाणी एकदम उकळतं आणि कारंज्यासारखं तोंडावर येतं.

हात लावण्याआधीचे नियम

अण्णांनी पहिली दहा मिनिटं मला बोनेट उघडूच दिलं नाही. हे नियम सांगितले. मी ते वहीत लिहून घेतले.

१. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. वरचा होज पाइप हाताने दाबून बघायचा. तो कडक आणि गरम असेल तर अजून थांबायचं.

२. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. धातू एकदम आकसतो आणि तडा जाऊ शकतो.

३. पंख्याजवळ हात नेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

४. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून. चाकांना दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

५. कुलंटमध्ये बहुधा ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. सांडलेलं लगेच पुसायचं. मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवायची.

रस्त्यात काटा चढायला लागला तर काय करायचं, तेही इथेच सांगते. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा करा, त्यामुळे थोडी उष्णता केबिनमध्ये येते. सुरक्षित जागा दिसताच थांबून इंजिन बंद करा. ‘दोनच किलोमीटर राहिलेत’ म्हणून पुढे जाऊ नका. हेड वाकतं ते बहुधा अशाच शेवटच्या दोन किलोमीटरांत.

पहिला प्रश्न : कधी तापते?

“कुठं कुठं तापली ते सांग,” अण्णा म्हणाले. मी आठवून सांगितलं. पहिल्यांदा पोवई नाक्यावर, वाहतुकीत अडकलेली असताना. दुसऱ्यांदा घाटात, उसाच्या ट्रॉलीमागे रेंगाळत चढताना. तिसऱ्यांदा शाळेजवळ, सर बँकेत गेले होते आणि मी इंजिन चालू ठेवून थांबले होते.

“आणि सपाट रस्त्यावर, साठ-सत्तरच्या वेगात?”

“कधीच नाही. उलट काटा खाली येतो.”

“उभी असताना एसी कसा लागतो?”

हे मात्र मी गॅरेजमध्ये सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. उभ्या गाडीत एसी गार लागत नव्हता, चालायला लागली की लागायचा.

अण्णा हसले. म्हणाले, “आमच्या जुन्या एस.टी.ला पंखा पट्ट्यावर असायचा. इंजिन फिरलं की पंखा फिरलाच. तुझ्या पंख्याला स्वतःची मोटर आहे. ती झोपली तर इंजिनाला कळणारही नाही.”

या एका प्रश्नाने किती कारणं वेगळी होतात बघा.

उभी असताना किंवा हळू चालताना तापते, वेगात नाही : पंखा, त्याची मोटर, फ्यूज, रिले किंवा सेन्सर.

वेगात किंवा चढावर तापते, उभी असताना नाही : रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, खालचा होज पाइप आत ओढला जाणारा.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते : थर्मोस्टॅट बंद अडकलेला, कुलंट फार कमी, आत हवा अडकलेली, किंवा हेड गॅस्केट.

काटा लाल रेषेवर, पण बोनेटखाली तापल्याची कसलीच खूण नाही : तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर.

माझी गाडी पहिल्या ओळीत बसत होती. तरीही अण्णांनी थेट पंख्याकडे जाऊ दिलं नाही. “मोठा आजार नाही याची आधी खात्री करू,” म्हणाले.

दुसरा प्रश्न : हेड गॅस्केट खरंच गेलंय का?

इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये जी पातळ पट्टी असते ती गॅस्केट. ती फाटली की सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये घुसतो, किंवा कुलंट सिलिंडरमध्ये नाहीतर ऑइलमध्ये जातो. म्हणजे तिच्या खुणा ठरलेल्या आहेत, आणि बहुतेक खुणा घरी बघता येतात.

इंजिन रात्रभर गार झालेलं होतं. ऑइलची डिपस्टिक काढून पुसली, परत घालून बघितली. ऑइल काळपट पण स्वच्छ. त्यात पाणी मिसळलं असतं तर दुधाळ कॉफीसारखं दिसलं असतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतली बाजूही बघितली. तिथे पिवळसर साय नव्हती. (थंडीत फक्त जवळजवळच चालणाऱ्या गाडीला थोडी साय येऊ शकते, तेवढ्यावरून घाबरू नये.)

मग रेडिएटरचं झाकण काढून, कुलंट वरपर्यंत भरून इंजिन सुरू केलं. पहिल्या मिनिटात दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. गॅस्केट फाटलं असतं तर ते एकसारखे येत राहिले असते. सायलेन्सरमधून सकाळच्या गारठ्याची थोडी वाफ आली आणि बंद झाली. गोडसर वासाचा दाट पांढरा धूर सतत आला असता तर गोष्ट वेगळी होती. काटा हलायच्या आत मी इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, झाकण लावून परत सुरू केलं. गार इंजिन सुरू केल्या केल्या होज पाइप दगडासारखा कडक होतो का, ते बघायचं होतं. नाही झाला.

मग पाणी कमी का होत होतं? तर गाडी तापली की जास्तीचा दाब झाकणातून बाटलीत आणि बाटलीतून बाहेर जात होता. मी तीन रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. सकाळी पुठ्ठा कोरडा. एस.टी.ने गेलो त्या चार दिवसांत बाटलीतली पातळीही तसूभर हलली नव्हती. म्हणजे कुलंट गळत नव्हता, फक्त उकळला की सांडत होता.

खात्री हवी असेल तर आणखी एक चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची एक नळी लावतात. कुलंटमधून कार्बन डायऑक्साइड येत असेल तर तो द्रव पिवळा होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण मुलांना दाखवतो. हा त्याचाच भाऊ. हेड खोलायला परवानगी देण्याआधी ही चाचणी करायला सांगण्याचा आपल्याला हक्क आहे.

तिसरा प्रश्न : पंखा का फिरत नाही?

आता पंखा. इंजिन चालू ठेवून एसी लावला. माझ्या गाडीत एकच पंखा आहे आणि एसी लागला की तो फिरायलाच हवा. तो जागचा हलला नाही.

आता चार शक्यता उरल्या : फ्यूज, रिले, वायर, मोटर. एकेक तपासता येतं. पण अण्णांनी विचारलं, “चारांतले तीन एकदम तपासायचे असतील तर कुठं बघशील?”

मी थोडा वेळ विचार केला. वीज फ्यूजमधून रिलेत, रिलेतून वायरीत आणि शेवटी मोटरच्या कनेक्टरपर्यंत येते. म्हणजे शेवटच्या टोकाला वीज पोहोचत असेल तर आधीचे तिघे बरोबर. इंजिन बंद केलं, मोटरचा कनेक्टर काढला, त्याच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावला. वायर पात्यांपासून लांब बांधून ठेवली. इंजिन सुरू करून एसी लावला. लॅम्प पेटला.

फ्यूज ठीक, रिले ठीक, वायर ठीक. राहिली मोटर.

लॅम्प पेटला नसता तर मागे जायचं होतं. फ्यूज बघायचा, मग रिले. फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, बहुधा हॉर्नचा असतो, तर तो अदलाबदल करून बघता येतो. तपासणी फुकटात होते.

बॅटरीची वायर काढून पंखा हाताने फिरवला. मोकळा फिरला, म्हणजे बेअरिंग जाम नव्हतं. मग बॅटरी जोडून, मधे फ्यूज असलेल्या दोन वायरींनी मोटरला सरळ बॅटरीवरून वीज दिली. काही नाही. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच दोनदा ठोकलं. पंखा गुरगुरला, फिरला, आणि मिनिटभरात परत थांबला.

“कार्बन घासलेत,” अण्णा खुर्चीतूनच म्हणाले. मोटरच्या आत वीज पोहोचवणारे कार्बनचे दोन छोटे ठोकळे असतात, ते झिजून टेकत नव्हते. ठोकलं की क्षणभर टेकायचे. म्हणूनच गाडी रोज तापत नव्हती, कधीकधी तापत होती.

थर्मोस्टॅट पातेल्यात

गाडी चालू वेगात बरोबर राहते म्हणजे थर्मोस्टॅट उघडत असणार, असा माझा अंदाज होता. पण कुलंट काढायचाच होता, कारण तो तांबूस, गंजाळ दिसत होता. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी ओतलं असावं. बोअरचं कठीण पाणी तापलं की क्षार मागे राहतात. घरातल्या पाणी तापवायच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून त्याच वेळी थर्मोस्टॅटही काढला.

एक जुनं पातेलं घेतलं, ज्यात परत स्वयंपाक करायचा नाही असं. त्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि शाळेच्या विज्ञान पेटीतला ११० अंशांचा तापमापक. दोन्ही वस्तू तळाला टेकू द्यायच्या नाहीत. गॅस बारीक. ८० अंशांपर्यंत झडप गच्च बंद. ८३ला बारीक फट दिसली. ९४च्या सुमारास पूर्ण उघडली. गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटली. थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला होता. पास!

बरेच जण गाडी तापली की थर्मोस्टॅट काढूनच टाका म्हणतात. तसं करू नये. मग इंजिनाला योग्य तापमान गाठायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. तापमापक मोडून ताप जात नाही, तसंच हे.

नवी मोटर आणि घाटातली परीक्षा

पंख्याची नवी मोटर १,८५० रुपयांना मिळाली. चार बोल्ट आणि एक कनेक्टर. रेडिएटर साध्या पाण्याने दोनदा, मग डिस्टिल्ड वॉटरने एकदा धुतला. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून भरले. वेगवेगळ्या जातीचे कुलंट एकमेकांत मिसळायचे नाहीत, आणि रंग सारखा म्हणजे जात सारखी असंही धरायचं नाही. काढलेला जुना कुलंट गटारात न ओतता कॅनमध्ये भरला, वर ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावली आणि गॅरेजला दिला.

भरताना गाडीचं तोंड उतारावर थोडं वर ठेवलं, झाकण उघडं आणि हीटर गरमवर. त्यामुळे आत अडकलेली हवा वर येते. ही हवा राहिली तर पंपाला पाणी ढकलता येत नाही आणि सगळं नवं असूनही गाडी तापते. बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहिले. पंखा लागला, बंद झाला, परत लागला. मग झाकण लावलं आणि बाटली किमान व कमाल या दोन खुणांच्या मधे भरली.

सोमवारी पोवई नाक्यावर मुद्दाम गर्दीच्या वेळी गेले. काटा मधेच राहिला. पण घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये चढताना, तो मध्यरेषेच्या थोडा वर सरकला. लाल रेषेपासून लांब होता, पण हलला होता. सर म्हणाले, “मॅडम, एवढं चालतं हो.” मला ते पटेना. मुलाला दहापैकी सात उदाहरणं आली तर उरलेली तीन कुठली, हे बघावंच लागतं.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. “चढावर. म्हणजे आता यादीतली दुसरी ओळ,” ते म्हणाले. रेडिएटर आतून धुतला होता, बाहेरून समोरून बघितला होता. पण समोर दिसते ती एसीची जाळी. रेडिएटर तिच्या मागे असतो. टॉर्च लावून मधल्या फटीत बघितलं तर तिथे उसाच्या पाचटाचा भुसा, धूळ आणि किडे यांचा नमद्यासारखा थर. मधल्या सगळ्या हंगामात ट्रॉल्यांमागे चालल्याचा प्रसाद! मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेला धुऊन काढलं. जोराची धार मारली नाही, पत्रे वाकतात. दुसऱ्या दिवशी घाटात काटा मध्यरेषेवरून हलला नाही.

म्हणजे खूण एक आणि कारणं दोन होती. पहिलं मोठं कारण दूर झालं तेव्हाच दुसरं छोटं दिसलं. एक बदल करायचा, तपासायचं, मग दुसरा करायचा, याचा फायदा हाच. सगळं एकदम बदललं असतं तर काय बिघडलं होतं हे कधीच कळलं नसतं.

एकूण खर्च २,९०० रुपयांच्या आत. शिष्यवृत्तीचा जादा तास मंगळवारपासून पुन्हा साडेनऊला सुरू झाला.

वर्गात काय केलं?

चौथी-पाचवीच्या मुलांना मी इंजिनाबद्दल काही न सांगता एक प्रयोग दिला. प्रत्येकी २०० मिलिलिटर, ७० अंशांचं पाणी. एक पेल्यात, एक खोलगट ताटलीत, एक तशाच ताटलीत पण पुठ्ठ्याने वारा घालत. गरम पाणी मी ओतलं, मुलांनी फक्त नोंदी केल्या. दहा मिनिटांनी पेल्यात ६० अंश, ताटलीत ४७ आणि वारा घातलेल्या ताटलीत ३७.

पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणूनच आजी चहा बशीत ओतून फुंकते.” मग रेडिएटर म्हणजे काय हे सांगायला मला दोनच वाक्यं लागली. रेडिएटर म्हणजे बशी आणि पंखा म्हणजे फुंकर. त्यानंतर थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडताना दाखवला, तेव्हा मुलं दोन पावलं लांब उभी असूनही टाचा उंचावून बघत होती.

प्रयोगानंतर मी फळ्यावर लिहिलं : ‘गाडी उभी असताना तापते, पळताना तापत नाही. काय बिघडलं असेल?’ तिसरीतल्या एका मुलाने, ज्याचा हा प्रयोग नव्हताच, मागून उत्तर दिलं, “फुंकर.”

घरी कुठे थांबायचं?

हे सगळं वाचून प्रत्येकाने गाडी खोलावी असं मी म्हणणार नाही. बुडबुडे थांबत नसतील, ऑइल दुधाळ असेल, वॉटर पंपाजवळून गळत असेल, किंवा इंजिन एकदा फार तापून बंद पडलं असेल, तर गाडी ओढून गॅरेजला न्यावी. ते काम त्यांचंच. पण तिथे जाताना हातात वही असावी. कधी तापते, कुठे तापते, पाणी किती दिवसांत किती कमी होतं, उभ्या गाडीत एसी कसा लागतो, पंखा फिरतो का. या पाच ओळी असल्या की मेकॅनिकचंही काम सोपं होतं. मी नंतर त्या गॅरेजच्या दादांना जुनी मोटर दाखवली. त्यांनी ती हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, “एसीचं तुम्ही बोलला असता तर मीच सांगितलं असतं.” खरं असेल. विचारायची आणि सांगायची, दोन्ही सवयी लागतात.

गेल्या महिन्यात एका मुलाचा भागाकार सारखा अडत होता. मी त्याला नवीन उदाहरण दिलं नाही. त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, “कुठल्या पायरीवर अडतं ते दाखव.” त्याने बोट ठेवलं ते वजाबाकीवर.